पान लवकर उघडावं म्हणून

गंगाधर गेल्याचं शोभावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी हैदराबादला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "दिलीपभाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आलं नाही. दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो जैनथहून आदिलाबादला डायलिसिसला जात होता. तो थकला होता, वहिनी थकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर दुरून नुसतं 'कसा आहेस' विचारून मीही थकलो होतो. डबा बंद केला आणि बस धरली. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

आमची ओळख आदिलाबादच्या कॉलेजातली. मी इचोड्याचा, तो जैनथचा. दोघंही कॉम्प्युटर शिकलो. मला हैदराबादेत नोकरी लागली. त्याच्या वडिलांना लकवा झाला म्हणून तो गावीच राहिला आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून शाळांच्या, दुकानांच्या वेबसाइट करू लागला. पुढे आम्ही दोघांनी मिळून इंटरनेटवर रक्तदात्यांचं एक पान तयार केलं. गाव निवडायचं, रक्तगट निवडायचा, की जवळच्या दात्यांची नावं आणि नंबर समोर. गावोगाव फिरून नावं त्यानं जमवली, कोड मी लिहिला. त्या कोडचा मला अभिमान होता. प्रत्येक कामाची वेगळी, छोटी फाइल. सगळं जागच्या जागी. अशा शंभराच्या वर फाइली झाल्या होत्या.

एक दिवस बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातून मारुती नावाच्या माणसाचा गंगाधरला फोन आला. त्याच्या बहिणीचं बाळंतपण अवघड झालं होतं, दवाखान्यानं रक्त आणायला सांगितलं होतं. मारुती गावातल्या शाळेच्या ओट्यावर उभा राहून आमचं पान उघडत होता आणि फोनवर पांढऱ्या पडद्याशिवाय काही येत नव्हतं. शेवटी त्यानं मोटारसायकलवर आदिलाबाद गाठलं, ओळखीपाळखीतून दाता शोधला. बहीण वाचली, पण बरेच दिवस दवाखान्यातून हलली नाही. मारुती भांडला नाही. "पान उघडलंच नाही, सर," एवढंच म्हणाला.

गंगाधर दुसऱ्याच दिवशी बसनं त्या गावाला गेला. त्याच ओट्यावर उभा राहून त्यानं मारुतीच्या फोनवर पान उघडून पाहिलं आणि स्वतःच्या फोनवरून मला कॉल लावला.

"दिल्या, पान उघडूनच नाही राह्यलं."

"माझ्याकडे दोन सेकंदांत उघडतं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तुयाकडं कोणाले रक्त पाह्यजे?"

मला ते लागलं... कारण दोष माझ्या नीटनेटक्या फाइलींतच होता. फोन आधी एक फाइल मागवायचा. ती वाचल्यावर त्याला कळायचं की आणखी दहा हव्यात. त्या आल्या की त्यांना लागणाऱ्या आणखी. शहरातल्या नेटवर्कवर या खेपा जाणवत नाहीत. त्या ओट्यावर प्रत्येक खेपेला फोनला धाप लागत होती. सगळ्या फाइलींचा मिळून एकच गठ्ठा पाठवायचा, असं गंगाधरचं म्हणणं. मी रागानं म्हणालो, "माझा कोड बिघडवू नकोस." "तुया फाइली तशाच राह्यतील," तो म्हणाला, "लोकायले जाते तो माल फक्त बांधून पाठवू." मी फोन ठेवला आणि दोन महिने त्याला केला नाही.

तेवढ्या काळात तो बंडलर, म्हणजे फाइलींचा गठ्ठा बांधणारं साधन, वापरायला शिकला. फाइली एकत्र बांधल्या, कुठंच न वापरलेला कोड गाळून टाकला. मी हौसेनं केलेला गावांचा नकाशा वेगळा काढला. कोणी मागितला तरच तो येणार. प्रत्येक बदलानंतर बसनं त्या गावाला जायचा, पान उघडून पाहायचा, परत यायचा. त्याच्या पायांना तेव्हाच सूज येत होती, हे मला नंतर वहिनींकडून कळलं. एके दुपारी त्याचा मेसेज आला : 'ओट्यावर उघडलं. चार सेकंद.' मी उत्तर दिलं, 'छान.' एवढा एकच शब्द. तो आता सलतो.

शेवटची भेट दिवाळीनंतर, डायलिसिसच्या खाटेजवळ. "काऊन आला? पान बंद पडलं का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नकाशा वेगळा काढलास ते बरंच केलंस. तो हसला. "नकाशा चांगलाच हाय गड्या तुया. पण पाहाले फुरसत लागते." मग त्यानं डोळे मिटले. "हे काम एकदा करून होत नाही, दिल्या. ही साधनं बदलत राह्यतात, काहीतरी तुटतेच. आता मी नाही पुरत त्याले..." मी पाहीन म्हणालो. परत आलो आणि पाहिलं नाही.

त्याच्या अंत्यविधीला मारुती बहिणीला घेऊन आला होता. ती वहिनींजवळ बसून राहिली.

गेल्या आठवड्यात पुन्हा जैनथला गेलो. वहिनींनी पुढची खोली उघडून दिली. टेबलावर काच तडकलेला एक जुना, स्वस्तातला फोन चार्जिंगला लावलेला होता. नव्या फोनवर सगळंच भराभर उघडतं, खरं काय ते कळत नाही, म्हणून गंगाधरनं तो इचोड्याच्या बाजारातून मुद्दाम आणला होता, असं वहिनींनी सांगितलं.

"मग आता हा कशाला चालू ठेवलाय, वहिनी?"

"तुमी पान बदललं तर याच्यावर पाहा लागन ना, भाऊजी. मी रोज लावते चार्जिंगले."

फोन उचलला तर गरम होता. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि लॅपटॉप उघडला.