सात लिंबांमधून जाईल असा ट्रॅक्टर

गोजरबाईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा, आणि तो उठून जावा असं कुणी कधी काही केलंही नाही. तिसगावच्या बाजारात ती दिसली की माळवं विकणाऱ्या बाया आधी तराजू नीट धरायच्या. तिच्या तोंडाला सगळा गाव भ्यायचा. पण ती उगाच भांडत होती असं एकदा तरी झालंय का, हे विचारलं तर लोक डोकं खाजवत. भांडणारी बाई सगळ्यांना दिसते, भांडायला लावणारे कुणाला दिसत नाहीत.

तिचं सासर मुळा नदीच्या काठचं. नवरा गेला, त्याच्या मागोमाग नदीवर धरण आलं आणि गावच पाण्याखाली गेलं. आंबे, चिंचा, मळ्यातली जांभूळ, सगळं तोडून नेलं आणि वर पाणी चढलं. झाडं तुटण्याआधीच बायामाणसं पोरांना घेऊन बाहेर पडली होती, म्हणून तिनं ते डोळ्यांनी पाहिलं नाही. तिचा धाकटा दीर भिमाजी मात्र मागं राहिला आणि ठेकेदाराच्या टोळीत रोजानं कुऱ्हाड चालवत होता. आपल्याच दारची चिंच त्यानं पाडली, हे गोजरबाई त्याला जेवताना ऐकवायची. तो बिचारा खाली मान घालून भाकरी मोडायचा.

भरपाई मिळाली तेव्हा तिनं माहेराजवळ, तिसगावच्या वर डोंगराच्या कुशीत अकरा एकर रान घेतलं. भाऊबंद म्हणाले, बाईला अक्कल नाही, निम्मं रान तर झाडांनीच खाल्लंय. कडुलिंब, हिवर, बाभळी, बांधाला चार चिंचा. पण झाडं होती म्हणूनच तिनं ते घेतलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्याच झाडांनी घर तारलं. लिंबाचा आणि हिवराचा पाला खाऊन शेरडं जगली. बैल मात्र गेले. एक छावणीत मेला आणि दुसरा जोडीविना विकावा लागला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण औताला बैल नव्हते. मुलगा कानिफनाथ दोन हंगाम साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवून आलेला, त्यानं ट्रॅक्टरचा धोशा लावला. आता गंमत ऐका. गोजरबाईचा ट्रॅक्टरला अजिबात विरोध नव्हता. भरपाईचा अडकलेला हप्ता मिळाला होता, तो त्यात घालायलाही ती तयार होती. तिची एकच अट होती. झाडाला हात लावायचा नाही.

अडचण होती ती सात लिंबांची. घरामागून आतल्या रानात जायला एकच गाडीवाट, आणि तिच्या अंगावर चार लिंब इकडून आणि तीन तिकडून उभे. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला खडक. कानिफला हवा होता मोठा ट्रॅक्टर, चार गावांत नाव होईल असा. भिमाजी म्हणायचा, सात लिंब आडवे केले की रान मोकळं, मग हत्ती आणा. वर्षभर रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. ती सांगायची, झाडं राहतील आणि त्यातून जाईल असा ट्रॅक्टर बघा. दोघं हूं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबांवर यायचे. पालथ्या घड्यावर पाणी! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. इतक्यांदा सांगून कळत नाही म्हणजे काय? कळत होतं त्यांना. बाईमाणसाचं बोलणं म्हणजे पिंपळाची सळसळ, चालू राहायचीच, असं धरून बसले होते दोघं.

शेवटी नगरहून निरोप आला, ट्रॅक्टरच्या नोंदणीत तुमचा नंबर लागला, येऊन पसंत करा. त्या सकाळी गोजरबाईनं मेल्या बैलाचा कासरा खुंटीवरून काढला आणि वाटेवर गेली. इकडच्या लिंबापासून तिकडच्या लिंबापर्यंत दोरी ताणून तिनं माप घेतलं. सगळ्यांत अरुंद जागा चार हातांची निघाली, तिथं कासऱ्याला एक गाठ मारली. सगळ्यांत खालच्या फांदीच्या उंचीला दुसरी. माप घेताना कुठलं झाड झालं आणि कुठलं राहिलं याचा घोळ होऊ नये म्हणून दिवाळीत उरलेला गेरू तिनं मडक्यात कालवून नेला होता. झालेल्या झाडाला बुडाशी चार बोटं रुंद पट्टा ओढायचा आणि पुढं जायचं. साती लिंब झाले. भिमाजी लांब बांधावर बसून हे बघत होता. तो काही बोलला नाही, तिनंही त्याला काही सांगितलं नाही. सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

नगरच्या दुकानात तर तिच्या रागाला पंगतच वाढून ठेवली होती. दुकानाचा माणूस बोलायचा तो फक्त कानिफशी. ती जणू पिशवी धरायला आलेली. त्यानं मोठ्या ट्रॅक्टरची ताकद सांगितली, तो किती फाळ ओढतो ते सांगितलं, कानिफ लग्नातल्या नवरदेवासारखा त्यावर चढून बसला. गोजरबाईनं कासरा सोडला आणि एका चाकाच्या बाहेरून दुसऱ्या चाकाच्या बाहेरपर्यंत लावला. चाक गाठीच्या बाहेर वीतभर गेलं. दुकानातली पोरं हसायला लागली. तो माणूस म्हणाला, "बाई, हा बैल नाही, दोरीनं मापायला."

"बैल न्हाई ते दिसतंय," ती म्हणाली. "बैलाला कुटं शिरावं आन् कुटं न्हाई, येवढं तरी कळतं."

मग त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की मोठं यंत्र घ्या, झाडांचं काय, ती पुन्हा लावता येतात. झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. तू आजवर किती लावलीस, आणि लावलेलं लिंब सावली द्यायला किती वर्षं घेतं, हे तिनं त्याला भर दुकानात विचारलं. मागच्या बाजूला एक लहान ट्रॅक्टर धूळ खात उभा होता. तिनं तिथं कासरा लावला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरत होती. धुराडं दुसऱ्या गाठीच्या खालीच राहिलं. कानिफ म्हणाला, लोक हसतील. ती म्हणाली, हसू दे, दुष्काळात त्यांच्यातलं कुणी बैल घेऊन दारात आलं नव्हतं. ट्रॅक्टर ठरला.

कागदपत्रांना दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मायलेक निघाले. कानिफ चालवायला आणि ती चाकावरच्या पत्र्यावर, मांडीवर कासरा. पंचवीस मैलांत तिनं कुणाला एक शिवी दिली नाही. कानिफनं दोनदा वळून बघितलं, आई बरी आहे ना म्हणून. ती बरी होती. वर्षभर जे सांगत होती ते तिनं करून दाखवलं होतं. झाडंही होती आणि ट्रॅक्टरही होता.

दुपारी घर आलं. घराच्या मागं ऊन दिसलं. तिथं ऊन कधी दिसायचं नाही.

गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना जमिनीलगत तोडलेले पांढरेफटक सात खुंट होते. फांद्या ओढ्याकडेला रचलेल्या आणि पाला अजून हिरवा. भिमाजी हातात नारळ घेऊन हसत पुढं आला. दोन गडी लावून त्यानं दोन दिवसांत काम उरकलं होतं. "वयनी, तुमी खुना केल्यात ती समदी पाडली बगा," तो म्हणाला. "धरनाच्या टायमाला सरकारी मान्सं आसाच तांबडा पट्टा मारायची, मंग आमी तोडायचो. मला लगीच कळलं. तुमाला तोंडानं म्हनायला जड जात आसंल, म्हनून म्या काय इचारलं न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. तिच्यासाठीच केलं होतं त्यानं, तिचा मान राखून. नेमकं हेच तिला सोसेना. लबाडी असती तर त्याच कुऱ्हाडीचा दांडा तिनं त्याच्या पाठीत घातला असता. आता राग काढायचा कुणावर? धरणावर? त्या तांबड्या पट्ट्याच्या सरकारी माणसांवर? हातानं गेरू कालवणाऱ्या स्वतःवर? चुना का नाही घेतला, बांधावर बसलेल्या माणसाला एक शब्द का नाही टाकला? ती खाली उतरली. पहिल्या खुंटाजवळ गेली. सालीवर पट्ट्याचा अर्धा भाग शिल्लक होता, तिच्याच बोटांचा.

"भावजी," ती म्हणाली, आणि आवाज इतका हळू होता की कानिफनं इंजिन बंद केलं. "वरीसभर घसा फोडून सांगितलं, झाडाला हात लावू नका. ते तुमाला ऐकू गेलं न्हाई. चार बोटं गेरू लावला, तर दोन दिसात ऐकलंत."

भिमाजीनं नारळ जमिनीवर ठेवला. तो फोडायचा त्याला धीर झाला नाही.

कानिफनं विचारलं, ट्रॅक्टर आत घेऊ का. आता वाट मोकळी होती, कसाही गेला असता, दुकानातला मोठा सुद्धा गेला असता. गोजरबाईनं कासरा उचलला. पहिली गाठ या खुंटाला आणि टोक समोरच्या खुंटाला धरून तिनं दोरी ताणली, मग ती बाजूला झाली. "खुंटांच्या मधनं घे," ती म्हणाली. "झाडं हायेत आसं समजून."

कानिफनं इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून, मान खाली वाकवून, तो हळूहळू आत गेला. डोक्यावर फांदी नव्हती, तरी वाकला. ती पुढं चालत राहिली.