अर्धा लाल, अर्धा पांढरा

जर्सीचे रंग कळावेत म्हणून मी बेंगळूरच्या कंपनीला आमच्या संघाचा कृष्णधवल फोटो पाठवला होता.

फोटो झकास होता. मागच्या पिढीचा संघ, मांडीवर ढाल, मिशांना पीळ. जर्सीचा अर्धा भाग काळपट, अर्धा पांढरा. ज्यानं आमच्या पिंपळकट्टा तालमीला मैदानात पाहिलंय त्याला तो काळपट भाग लालच दिसतो. मलाही लालच दिसला. बेंगळूरच्या माणसानं पिंपळकट्टा पाहिलेला नाही, हे पाकीट चिकटवताना काही डोक्यात आलं नाही.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो आणि तालमी रंगांच्या असतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमचा अर्धा लाल, अर्धा पांढरा. चिंचबन तालमीचा हिरवा. आमच्या गल्लीत घराच्या दाराला हिरवा रंग लावणाऱ्याशी लोक महिनाभर बोलत नाहीत. नुकती घरोघरी केबल आली होती, वर्ल्ड कपमधल्या खांद्यावर चौकटी-त्रिकोण उधळलेल्या चकचकीत जर्सी सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि सगळ्यात जास्त लाळ मी, तालमीचा सेक्रेटरी, गाळली होती. त्यामुळे छातीवर आपलं चिन्ह लावायच्या बदल्यात एक कंपनी अख्खा किट फुकट द्यायला तयार झाली तेव्हा मी नमुनाही न बघता सही केली. कप्तान बंडू म्हणाला होता, आधी बघून तर या. मी त्याला जागतिक बाजारपेठेवर दोन शब्द ऐकवले.

हंगामाचा पहिला सामना चिंचबनशीच होता. त्याआधी नवा किट तालमीतल्या मारुतीपुढं मांडून नारळ फुटायला हवा, तोवर कुणी अंगात घालत नाही. म्हणून मी स्वतःच आणायला निघालो.

सकाळी बेंगळूरला उतरलो आणि राजाजीनगरला गोपाळअण्णांकडे गेलो. हे माझ्या बायकोचे लांबचे मामा. घराणं कितीतरी पिढ्या तिथलंच. मराठी बोलतात, पण मधून मधून कन्नड डोकावतं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. अण्णांनी मला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत (उभ्यानं खायचं हॉटेल) नेलं आणि बाय-टू कॉफी (एका कॉफीचे दोन वाटे) सांगितली. कंपनीच्या उदारपणाचं वर्णन करता करता मी सांबाराची वाटी केसरीबातावर (शिऱ्यावर) ओतली. अण्णांनी बघितलं. मी तसंच खाल्लं.

कारखाना पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत होता. दोन्ही बाजूंना लोखंड कापणारी, ठोकणारी, घासणारी युनिटं, आणि त्यांच्यामध्ये हे एक शिवणकामाचं. कंपनीतर्फे भेटायला आलेला कौस्तुभ नावाचा तरुण पुण्याचा निघाला. परमुलखात मराठी माणूस भेटला म्हणून मी त्याला जवळजवळ मिठीच मारली. मग त्यानं गठ्ठा सोडला.

हिरवा. गडद हिरवा, त्यावर पोपटी त्रिकोण, त्यावर शेवाळी रेघा. छातीवर भाकरीएवढं कंपनीचं चिन्ह. तालमीचं नाव शोधायला मला चष्मा काढून पुसावा लागला. ते बाहीवर होतं, मुंग्यांची रांग जावी तसं.

मी म्हणालो, हे आमचं नाही. तो म्हणाला, "सर, तुमच्या फोटोत ग्रे होता. ग्रे आमच्या रेंजमध्ये नाही."

इथं मी गप्प बसायला हवं होतं, कारण चूक माझीच होती. मी बसलोही. पण मान खाली घालायच्या ऐवजी बाजूला वळवली आणि मागचे दांडे दिसले. त्यांवर तोच शर्ट, तेच त्रिकोण. एक गठ्ठा कुठल्याशा बँकेचा, एक कॉलेजचा, एक केरळातल्या क्लबचा. फक्त बाहीवरच्या मुंग्या वेगळ्या.

मी विचारलं, रंगीत फोटो पाठवला असता तर?

कौस्तुभ प्रामाणिक होता, हे मान्य करायला हवं. "खरं सांगू काका? फोटो आम्ही बघतच नाही. हे टेम्प्लेट आहे. या डिझाईनमध्ये रेड नेक्स्ट सीझनला येतोय."

तोवर माझा राग माझ्यावर होता, म्हणजे घरचाच होता. आता तो पेटला. आमचा लाल पुढच्या हंगामात येणार होता! ज्या लालसाठी माझ्या चुलत्यानं नडगी मोडून घेतली, ज्याच्यासाठी लग्नाच्या मांडवातून उठून माणसं मैदानावर गेली, तो लाल कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून आम्हाला यंदा नाकारला होता. मी आवाज चढवला. म्हणालो, हा शर्ट घालून पोरं गल्लीत शिरली तर आया दार उघडणार नाहीत. त्यानं विचारलं, लोक मॅच बघायला येतात की शर्ट? मी म्हणालो, "शर्टच बघायला येतात. शर्टातला माणूस दर दहा वर्षांनी बदलतो."

हे वाक्य मला फार आवडलं. त्या भरात मी करार फाडला आणि तिथंच टाकला. ती माझी प्रत होती, त्यामुळे कंपनीचं काही बिघडलं नाही. गठ्ठा मात्र मी घेतला नाही.

रिकाम्या हातांनी राजाजीनगरला परतलो. जुना किट आम्ही मोठ्या मनानं एका शाळेला देऊन टाकला होता. सामना तोंडावर, अंगात घालायला काही नाही. कंपनीला शिव्या देत मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. अक्का आतून म्हणाल्या, "यांना सिट्टु (राग) आलाय. अहो, स्वल्प (थोडं) जेवून घ्या, मग शिव्या द्या."

सारू-भात (आमटी-भात) झाल्यावर अण्णांनीच वाट काढली. त्यांच्या आळीत शाळांचे गणवेश शिवणारा मुनियप्पा होता. आम्ही चिकपेटला जाऊन लाल आणि पांढरं सुती कापड आणलं. दुकानदार चकचकीत पॉलिस्टर दाखवत होता, त्याच्यावरही मी खेकसलो. मला आता चकाकणारं काहीच नको होतं. मुनियप्पा सरी (बरं) म्हणाला आणि त्यानं घरातली सगळी माणसं मशिनींवर बसवली. छातीवर काय घालू, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, छाती मोकळी ठेव. आयुष्यात इतक्या अभिमानानं मी दुसरं काही सांगितलेलं नाही.

शिवायच्या आधी अक्कांनी लाल कापडाचं टोक बोटांत चोळून पाहिलं होतं. म्हणाल्या, "हे एकदा भिजवून घेते."

मी त्यांच्या हातून कापड ओढूनच घेतलं. मारुतीपुढं कोरं कापड लागतं, पाणी लागलेलं चालत नाही, असं मी त्यांना बरंच लांबण लावून सांगितलं. त्या म्हणाल्या, सरी, तुमचा मारुती, तुमचं कापड.

परतीच्या गाडीत गठ्ठा मांडीवरच ठेवला. तालमीत नारळ फुटला, जर्सी मारुतीपुढं मांडल्या आणि म्हातारी माणसं त्यावरून हात फिरवून गेली. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. बंडूनं जर्सी अंगाला लावून पाहिली आणि म्हणाला, हे बरं केलंसा.

सामन्याच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. संघ मैदानात उतरला तेव्हा आमची बाजू उठून उभी राहिली. अर्धा लाल, अर्धा पांढरा, छाती मोकळी. मी इकडे तिकडे बघत होतो, कुणी माझ्याकडे बघतंय का म्हणून.

पोरं घामानं भिजली तसा लाल उजवीकडे सरकायला लागला. आधी शिवणीपाशी. मग पोटावर. मध्यंतराला संघ लिंबं चोखायला परत आला तो सगळाच्या सगळा गुलाबी. मुलींच्या शाळेचं स्नेहसंमेलन वाटावं असा. चिंचबनच्या बाजूनं अशी काही गाणी सुरू झाली की ती इथं लिहिता येत नाहीत. सामना बरोबरीत सुटला म्हणतात. ते आता कुणालाच आठवत नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. अक्कांचं ऐकलं नाही म्हणून स्वतःवर आहेच, पण तो जुना, ओळखीचा. खरा राग त्या दांड्यांवरच्या शर्टांवर आहे. सगळीकडे एकच त्रिकोण, आणि बाहीवर मुंग्यांएवढं आपापलं गाव. आता कोल्हापुरातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतही तेच दिसतात आणि पोरं हौसेनं घेतात. मला वाटतं, आम्ही गुलाबी झालो, पण आमच्याच रंगानं झालो. कुणाच्या रेंजमधून नाही.

सामन्याच्या संध्याकाळी तालमीत मी बंडूला हे असंच, थोडं आणखी रंगवून सांगितलं. तो उघडाच बसून पोटरी चोळत होता. छातीवरही गुलाबी डाग होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "फुडच्या हंगामाला तुमी निस्ती लिंबं कापायची."