उमरावासाठी घातलेलं गाऱ्हाणं

फुटलेल्या नारळाचा वास आला की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी महिनाभर राहिलेला तो जर्मन उमराव आठवतो. बायको नाही, मूल नाही, घराण्यातला मी शेवटचा, असं तो जेवताना सांगायचा आणि आई त्याच्या पानात सुरमईची आणखी एक तुकडी वाढायची. बाबांनी तर देवळात नारळ ठेवून त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "ह्येच्या वंशाचो येल वाढू दे रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले. पुढच्या वर्षी त्याची बायको दोन शाळकरी मुलांना घेऊन, त्याचा फोटो दाखवत त्याला शोधत, आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. पोरांची नाकं हुबेहूब त्याची. बाबांनी देवळाच्या दिशेने बघितलं. "आता देवाक खंयच्या तोंडान सांगू?" अजूनही 'होय म्हाराजा' म्हणायच्या आधी मी विचारते, कोणासाठी?