टाकीचा मूळ रंग

जुन्या मोटारसायकलींचे सुटे भाग विकता विकता म्हाताऱ्याची कंबर गेली होती. आता दुकानात एकच पेट्रोलची टाकी उरली होती, साठ वर्षांपूर्वीची, कारखान्यातला मूळ रंग अजून अंगावर असलेली. ती विकली की शटर कायमचं ओढायचं, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी तो दुकानात पोचला, तर फाटकं रंगवणारा मेव्हणा आधीच येऊन बसला होता आणि टाकी लालभडक चमकत होती.

"दाजी, माझ्याकडून भेट समजा. कसली कळकट दिसत होती."

"तो कळकटपणाच विकायचा होता रे," म्हातारा हळूच म्हणाला.

गिऱ्हाईकाने टाकीकडे बराच वेळ पाहिलं. "काका, नवा रंग मीही दिला असता. जुना आता कुठून आणू?" एवढं बोलून तो निघून गेला.

मेव्हणा ओशाळला. "ताईला काय सांगायचं?"

"काही नको. तुझे हात बघूनच कळेल तिला."

म्हाताऱ्याने टाकी उचलून परत फळीवर ठेवली आणि कंबर धरून तो आपल्या रोजच्या स्टुलावर बसला.