रिकामा गुंड देऊ नये

जागेश्वरला बोलता येत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं अड्याळच्या बाजारात त्याला एकदा ऐकायला हवं होतं. आपल्या कारखान्यातल्या पितळी गुंडावर तो बोटानं टिचकी मारायचा, आणि तो नाद ऐकून घरी दोन गुंड असलेली बाईही तिसरा घेऊन जायची. पण बाजार वेगळा अन् नागपूरचा औद्योगिक मेळावा वेगळा! तिथं म्हणे, दोन मिनिटांत धंदा सांगा. अहो, बापजाद्यांचा धंदा दोन मिनिटांत सांगायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

तरी तो गेला. न जाऊन सांगतो कोणाला? गावोगावी नळ आले, प्लास्टिकचे ड्रम आले, अन् पाणी भरायला पितळी गुंड कोणाला हवा? एखादं मोठं गिऱ्हाईक मिळालं तरच भट्टी पेटणार होती. नाहीतर कारखाना मोडायचा आणि ठोके मारणाऱ्या कारागिरांनी रोजगारासाठी हैदराबादची वाट धरायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच मेळाव्यात फजिती झाली. त्यानं हौसेनं पाटी रंगवून नेली होती, ‘भंडाऱ्याचे अस्सल गुंड’. आमच्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. पुण्यामुंबईकडे दांडगट माणूस. झालं! कोट घातलेले लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढायचे, दात काढायचे अन् पुढं जायचे. जागेश्वरही त्यांच्याबरोबर हसला. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यानं पाटी उलटी करून ठेवली.

मग दुसरा मेळावा, तिसरा मेळावा. दर खेपेला कारागीर विचारायचे, ‘‘काही जमलं का जी?’’ अन् हा म्हणायचा, ‘‘पाहून राहिले लोक.’’

तिसऱ्यात दिल्लीच्या एक मॅडम थांबल्या. मोठमोठ्या हॉटेलांना भांडी पुरवणारी त्यांची कंपनी होती. जागेश्वर पाठ केलेलं सगळं विसरला. त्यानं नुसती गुंडाला टिचकी मारली, आणि नाद विरेपर्यंत मॅडम गप्प उभ्या राहिल्या. ‘‘एक सॅम्पल भेजिए,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पसंद आया तो साल भर का ऑर्डर.’’

मग काय विचारता! सगळे कारागीर त्या एका गुंडाला भिडले. चिंच लावून घासला, सोन्यासारखा झळकवला. खोक्यात भरायच्या वेळी जागेश्वरची बायको सुंदरबाई पदराआड मूठ घेऊन आली आणि तिनं घरच्या धानाचे तांदूळ गुंडात टाकले.

‘‘रिकामा गुंड कोनी देते का? पोरगी सासरी जाते तवा आपन तिची ओटी भरतो का नाही?’’

जागेश्वरला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट आपण कसे विसरलो, म्हणून तो ओशाळला. गुंडाच्या तोंडाला फडकं बांधलं ते त्यानंच, अन् गाठ मारली तीही त्यानंच.

पावसाळा सरला तरी उत्तर नाही. शेवटी त्यानंच फोन लावला.

‘‘भाईसाब, आपके बर्तन में से कीड़े निकले,’’ मॅडमचा आवाज थंड होता. ‘‘बॉक्स गोदाम में रखा था. खोला तो चावल, और उसमें कीड़े. सारा गोदाम साफ करवाना पड़ा.’’

‘‘मॅडम, वो चावल शगुन का था. हमारे यहाँ बर्तन खाली नहीं देते.’’

‘‘हमने बर्तन मँगवाया था, चावल नहीं.’’

फोन बंद झाला. मॅडमचं चुकलं असंही म्हणवत नाही. आग लागो त्या सोंड्यांना! पावसाळ्याभर बंद खोक्यात पडलेल्या तांदळात सोंडे होणार नाहीत तर काय मोती होतील? जागेश्वर भट्टीपाशी जाऊन बसला. सुंदरबाईनं विचारलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, ‘‘नाही जमलं.’’ तांदळाचं त्यानं काढलंच नाही.

दिवाळी झाली आणि कारागीर एकेक करून गेले. मग मोड घेणारा भय्याजी टेम्पो घेऊन आला. उरलेले गुंड वितळवायलाच जायचे होते. पहिला गुंड उचलला तोच सुंदरबाई घरातून मूठभर तांदूळ घेऊन आली.

‘‘राहू दे वो,’’ जागेश्वर म्हणाला.

‘‘काहून? मोडीत चालला म्हनून का रिकामा देऊ?’’ तिनं तांदूळ टाकलेच.

भय्याजी काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला वजन करायचं होतं. त्यानं गुंड उपडा केला, तांदूळ अंगणात सांडले. मग जागा कमी लागावी म्हणून घणाचा एक घाव घालून गुंड चेपला. शेवटचा तो नाद भलताच बसका निघाला.

टेम्पो गेल्यावर सुंदरबाई मातीत बसून दाणे वेचू लागली.

‘‘अजी, त्या दिल्लीवाल्या बाईनं तं असे फेकले नसतीन ना?’’

‘‘छे,’’ जागेश्वर म्हणाला. ‘‘भात करून खाल्ला म्हने तिनं. लय गोड लागला म्हने.’’

सुंदरबाईचं तोंड क्षणभर उजळलं. मग हातातले दाणे तसेच धरून तिनं वर पाहिलं.

‘‘मंग आपले गुंड काहून नाही घेतले जी तिनं?’’

जागेश्वर तिच्याशेजारी खाली बसला आणि मातीतले तांदूळ वेचू लागला.