ऊन आहे तोवर

हॉटेलचा फोटो हातात आला की मावशी आधी त्यातल्या पलंगावर पंजा ठेवून तो झाकायच्या. मग उरलेल्या फोटोकडे बघायच्या. उंबरा केवढा आहे, जिना कुठे आहे, खिडकीतून काय दिसतं. "पलंग सगळेच दाखवतात," त्या म्हणायच्या, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, "जागा नंतर बघू. जाणारं माणूस कोण?"

सुरतेत रिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात आम्ही दोघी शेजारी बसायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऑफिसात सगळे त्यांना बेन म्हणत. मी मावशी म्हणे, कारण त्याही आमच्यासारख्या खानदेशातून आलेल्या. गोडादऱ्याला राहायच्या, यजमान लूमवर कारागीर होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून पत्रं आणि फॅक्स माझ्याकडे. बोलायचं काम मावशींकडे. मला ते सोयीचं होतं. अनोळखी माणूस आत आलं की मी उगाच टाइपरायटरमध्ये कागद घालायला लागे. मावशींनी ते पाहिलं होतं. एक दिवस त्यांनी माझी खुर्ची दारापासून आतल्या बाजूला सरकवून दिली.

एकदा एक नवा नवरा अबूचं बुकिंग करायला आला. मावशींनी त्याला बायकोला घेऊन यायला सांगितलं. ती आली, आणि तिला घाटात गाडी लागते हे नवऱ्याला आमच्या ऑफिसात कळलं. ते जोडपं शेवटी जवळच्याच तिथल नावाच्या गावी समुद्रावर गेलं आणि येताना आमच्यासाठी चिकू घेऊन आलं.

त्या वर्षांत सुरतेचे कारखानदार जपानला जायला लागले होते. पाण्याच्या फवाऱ्यावर विणणारे नवे लूम तिकडून येत, आणि विकत घेण्याआधी ते चालताना बघायचे असत. कडोदऱ्याचे एक शेठ असेच आले. लूम बनवणारा कारखाना जपानमधल्या डोंगरातल्या एका गावात होता आणि ते बायकोला घेऊन तिथेच चार दिवस राहणार होते.

"घरात अजून कोण आहे?" मावशींनी विचारलं.

"बा आहेत. त्यांना नाही नेत."

बा म्हणजे शेठची आई, जैन. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. कांदा-बटाट्यासारखं जमिनीखालचं काही चालत नाही. परक्या देशात हे कोण सांभाळणार, असं शेठचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी बा स्वतःच आमचा जिना चढून आल्या. घरचे पहिले लूम सुरू झाले तेव्हा त्यांनी नवऱ्याशेजारी उभं राहून तुटलेले धागे जोडले होते. आता मशीन जिथून येतं ते गाव त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मुलगा जेवणाचं कारण सांगतो, तुम्ही जागा शोधून दाखवा, म्हणजे त्याला कारण उरणार नाही, असं त्यांनी शांतपणे गुजरातीत सांगितलं.

मावशी लगेच हो म्हणाल्या. बा गेल्यावर मला म्हणाल्या, "बोलून तर बसले, माय. आता काढ ते कागद."

मी मुंबईच्या एजंटकडून माहितीपत्रकं मागवली. एक उंच हॉटेल होतं, पण तिथलं स्वयंपाकघर संध्याकाळी सहाला उघडायचं, आणि त्या मोसमात तिकडे सूर्य पाचच्या आत मावळतो. उरल्या जुन्या पद्धतीच्या सराया. गवताच्या चटया, रात्री जमिनीवर अंथरूण, जेवण खोलीत आणून देतात. घरचीच माणसं रांधतात, म्हणजे विनंती तरी करता येईल.

शेठ बांना घेऊन ऑफिसात आले, पण त्यांना ते मुळीच पटेना. "जमिनीवरच झोपायचं तर तुमच्या घरी येतो की, बेन."

"या ना," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे जेवणही लवकर असतं."

बा पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

खरी अडचण पुढेच होती. बहुतेक सराया नदीकाठी, खोल दरीत. तिथे ऊन दुपारीच डोंगराआड जातं. पंचांगातली वेळ धरायची, असं शेठ म्हणाले. बांनी नाही म्हणून मान हलवली. पंचांग काहीही म्हणो, सावली पडल्यावर घास घशाखाली जाणार नाही. त्यांचा स्वभावच तसा, आणि हे मुलालाही माहीत होतं.

मग मावशी फोटो घेऊन बसल्या. एका सराईच्या वळचणीला केशरी फळांच्या माळा टांगलेल्या दिसत होत्या. मावशींचं बोट तिथेच थांबलं. "हे वाळवण आहे. वाळवण कुठं घालतात? जिथं ऊन टिकतं तिथंच ना?" त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच वेळी बांना फोन करून जागा सापडली म्हणून सांगितलं. फॅक्स मी त्यानंतर केला.

उत्तर सराईच्या मालकिणीच्या सुनेने इंग्रजीत लिहिलं होतं. मी मराठीत वाचून दाखवलं. ती फळं वाऱ्यावर सुकवतात, उन्हाशी त्याचा संबंध नाही. त्या बाजूला तर ऊन दुपारीच संपतं.

मावशींचा चहा आला होता, तो तसाच राहिला. "कुरडया करणारी बाई मी," त्या म्हणाल्या, "मला वाटलं जगात सगळीकडे तसंच. बांना काय तोंड दाखवू?"

दुसरं पान अजून मशीनमधून बाहेर येत होतं. त्यात लिहिलं होतं, की मागच्या अंगाला एक व्हरांडा आहे, तिथे आम्ही सरपण ठेवतो. ऊन सगळ्यात शेवटी तिथून जातं. आजींना चालणार असेल तर सरपण हलवू आणि जेवण तिथे चारच्या आत देऊ. मात्र काय चालतं, काय नाही, हे आम्हाला नीट कळत नाही. चूक होईल अशी भीती वाटते. कोणी सोबत येऊन स्वयंपाकघरात उभं राहील का?

दुसऱ्या दिवशी बा ऑफिसात आल्या तेव्हा मावशींनी त्यांना दोन्ही पानांतलं सगळं सांगितलं. शेठच्या बायकोने कारखाना बघायचं आधीच ठरवलं होतं. बांनी मावशींकडे पाहिलं. "तू चल माझ्याबरोबर."

भुसावळच्या पलीकडे कधी न गेलेल्या मावशींचा पासपोर्टचा फोटो मी काढवून आणला. त्या घाबरल्या होत्या. भाषा येत नाही, चूक झाली तर बा उपाशी राहतील, हे एकच त्या धरून बसल्या होत्या. यजमानांनी घरी एवढंच म्हटलं म्हणे, "जाय ना, सैपाक मी करसू."

मावशी आता सुरतेत नाहीत. लेकीकडे जळगावला राहायला गेल्या त्याला बरेच दिवस झाले. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांची आठवण चेहऱ्याआधी आवाजाने येते. मला एका दुपारी जपानहून आलेला त्यांचा फोन आठवतो.

ऑफिसात जेवणाची वेळ होत आली होती. शेजारची खुर्ची रिकामी, म्हणून फोन मलाच उचलावा लागला. आवाज लांबून, थोडा उशिरा येत होता.

"बा जेवताहेत," मावशी म्हणाल्या. "ऊन पार ताटात आलंय. भात, पालेभाजी, सोयाचं पनीर. सगळं मी आधी चाखून बघितलं."

"आणि शेठ?"

"कारखान्यात. सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं त्यांना."

मी हसले. मग विचारलं, "तुम्ही जेवलात का, मावशी?"

पलीकडे भांड्यांची किणकिण झाली. "मी म्हटलं, मी मागून बसते. पण ही मालकीण ऐकेना. माझ्याच वयाची आहे गं. बांच्या शेजारी माझंही ताट लावलंय आणि समोर बसून राहिलीय, मी पहिला घास घेईपर्यंत." त्यांचा आवाज हलला, की लाइनच तशी होती, कोण जाणे. "ठेवते, पोरी. गार होतंय."