वानखडे सिस्टर स्पेनला जातात

बडनेरा स्टेशन मागे पडलं की वानखडे सिस्टर खिडकीच्या गजाला डोकं टेकवून पुटपुटायला लागायच्या. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, उजव्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरल्यासारखं आपटतंय. अमरावतीहून अकोल्याला रोज नोकरीसाठी जाणारे आम्ही सगळे एकाच डब्यात बसायचो. मी तेव्हा नवीन होते, अकोल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते. त्या दिवशी समोरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ सिस्टरांकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "बाई, कोणाचा जप हाय हा?"

सिस्टरांनी डोळे उघडले. "जप नाई बाबा. क्रियापदं पाठ करून राहिली. यो सोय, तू एरेस, एल एस. मी आहो, तू आहेस, तो आहे. स्पॅनिश हाय."

"बरं बरं," म्हणून बाबांनी पाय आखडून घेतले. सिस्टर माझ्याकडे वळल्या. ओळख ना पाळख, पण म्हणाल्या, "आपल्या 'तू'ले तिकडंही 'तू'च म्हणतात, पाह्य. मंग ते लोक परके कसे?"

अशी आमची ओळख झाली. माझं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. शेवटपर्यंत मला "लायब्ररी"च म्हणायच्या.

सिस्टरांचं माहेर वलगावचं, राहणं अमरावतीला, नोकरी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागे. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलाला, अमोलला, त्यांनी एकटीने वाढवलं, शिकवलं. तो आता मोर्शीला शाळेत इंग्रजी शिकवायचा. स्पॅनिश त्यांनी फोनवर स्वतःच सुरू केली होती, मग पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. काहून, असं विचारलं की एकच उत्तर यायचं: "जशी लिवली तशी वाचता येते. अजून काय पाह्यजे मले?"

एकदा माझी भाची तापाने फणफणून त्यांच्याच वॉर्डात दाखल झाली होती. सिस्टर सुई घेऊन आल्या तसा पोरीने भोकाड पसरण्यासाठी श्वास घेतला. सिस्टर वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "नो दुएले, नो दुएले." पोरगी हे काय नवीन म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, तेवढ्यात सुई टोचून झालीसुद्धा. माझ्या बहिणीने विचारलं, "सिस्टर, हे काय म्हटलं तुम्ही?"

"दुखत नाई, असं म्हटलं."

"मग मराठीत का नाही म्हणत?"

"मराठीत पोट्टे इश्वास नाई ठेवत. आतापरेंत लय जणायनं खोटं सांगतलं असते त्यायले."

त्या वॉर्डात लेकरं त्यांना "नो दुएले सिस्टर" म्हणून हाका मारायची. त्यांचे उच्चार बरोबर असत की चूक, हे तिथे कोणालाच कळत नव्हतं, आणि सिस्टरांना त्याची फिकीरही नव्हती. "चुकलं तं चुकलं. बोलून तं पाह्यलं," असं त्या म्हणायच्या. डब्यात कोणाच्या मुलीची परीक्षा असो, कोणाला साहेबाकडे बदलीचा अर्ज न्यायचा असो, सिस्टरांचा सल्ला हाच.

निवृत्ती जवळ आली तसं डब्यात विचारणं सुरू झालं. पुढे काय? नातू खेळवणार की चारधाम? मूर्तिजापूरला गाडी थांबली होती आणि सिस्टर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी सहज सांगितलं, "स्पेनले चालली. एका वर्षाचा भाषेचा कोर्स हाय. त्या शाळेनं घेतलं मले. आता फक्त व्हिसा पाह्यजे."

आधी सगळे हसले. मग त्या हसत नाहीत हे लक्षात आलं.

अमोलला ही बातमी बिलकुल रुचली नाही. मी त्यांच्या घरी शब्दकोश द्यायला गेले होते, तेव्हा तो मोर्शीहून खास त्यांना अडवायला आलेला. "आई, तुले बीपी हाय. तिथं पडली-झडली तं पाहाले कोण हाय?"

"जल्मभर लोकायले मी उचललं. मले उचलाले कोणी तरी भेटीनच ना."

"अन् शिकून करशील काय?"

"काई करन नाई. शिकीन."

अमोलने माझ्याकडे पाहिलं, जणू हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरलं होतं. मी शब्दकोश टेबलावर ठेवला आणि चहा न घेताच निघाले.

अमरावतीतला एक एजंट व्हिसाची कामं करायचा. सिस्टर मला सोबत घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने कागद चाळले आणि मान हलवली. "मॅडम, तुम्ही नर्स. तिकडे म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं मिळत नाहीत. वकिलातीतल्या साहेबाला वाटणार, बाई शिकायच्या नावाखाली कामाला चालली. शिवाय हे वय. व्हिसा द्यायचे नाहीत." मग आवाज खाली आणून त्याने तोडगा सुचवला. नर्स असल्याचं लिहायचं नाही, गृहिणी लिहायचं. तिकडे बहीण राहते असं दाखवायचं. बहिणीचे कागद तो बघणार.

सिस्टरांनी त्याच्या हातातून कागद घेतले आणि नीट सरळ करून पिशवीत ठेवले. "मले बहीण नाई. अन् मी नर्स आहो. हे दोनी खरं हाय. खऱ्यावर भेटला तं भेटला."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, खरं सांगून नाही मिळाला तर?"

"तं नाई भेटला. पण तिथं जाऊन बाकावर बसली अन् मास्तरनं इचारलं, तू कोण, तं मी काय खोटीच वानखडे सांगू?"

मग त्यांनी एकटीने सगळी धावपळ केली. पोलिसांचा दाखला, पेन्शनचे कागद, विमा, त्यांची भाषांतरं, त्यांवरचे शिक्के. प्रकृतीच्या दाखल्यासाठी त्या आपल्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर हसून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काय तपासायचं? आणा, सही करतो." सिस्टर स्टुलावर बसल्या, बाही वर केली आणि म्हणाल्या, "तपासा. मंग करा सही."

अर्ज गेला. काही दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुंबईला, वकिलातीत. एजंटचे शब्द माझ्या कानात घुमत होते. अमोलने रजा काढली, मीही काढली, आणि आम्ही तिघं गेलो. गाडीत सिस्टर झोपल्यावर अमोल मला हळूच म्हणाला, "खरं सांगू का, त्यांनी नाही म्हटलं तर बरं होईल. ती आठ दिवस रागावेल, मग विसरेल."

आत फक्त त्यांनाच सोडलं. आम्ही फुटपाथवर उभे राहिलो. ऊन चढलं. सिस्टरांनंतर आत गेलेली दोन-तीन तरुण पोरं बाहेर येऊन निघूनही गेली. सिस्टर येईनात. अमोल चार वेळा पाणी प्यायला. शेवटी त्या आल्या. चेहऱ्यावर काही नाही.

"काय झालं?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"आधी काई खाऊ. पोटात कावळे वरडून राहिले."

जवळच्या उडप्याकडे बसलो. अर्धा डोसा पोटात गेल्यावर त्या सांगायला लागल्या.

"साहेब तरणाच होता. इंग्लिशमधून इचारून राहिला. मी म्हटलं, साहेब, तुमच्या भाषेत बोलू का? तो पाह्यतच राह्यला. मंग असा सुटला, असा सुटला, मले एक शबद समजला नाई. मी म्हटलं, देस्पासियो, पोर फावोर. हळू बोला. मंग तो हळू बोलला. म्हणे, तुम्ही नर्स, तिथं गेल्या अन् कामाले लागल्या तं? मी म्हटलं, जल्मभर ड्यूटी केली. आता मले ड्यूटी नाई पाह्यजे, बाक पाह्यजे. म्हणे, पण स्पॅनिशच काहून?"

इथे त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"मंग मी त्याले न्युमोनियाचं सांगतलं."

ते आम्हालाही माहीत नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी त्यांना वर्गात उभं करून इंग्रजी पुस्तक वाचायला लावलं होतं. वलगावच्या शाळेतून आलेली मुलगी. समोर पी-पासून सुरू होणारा शब्द. त्यांनी दिसला तसा वाचला: प्न्युमोनिया. वर्ग हसला, शिकवणाऱ्या बाईही हसल्या. पुढे शिक्षण संपेपर्यंत होस्टेलमध्ये त्यांचं नाव प्न्युमोनियाच होतं. त्यानंतर त्यांनी इंग्रजी लिहिलं, समजून घेतलं, डॉक्टरांच्या चुकाही पकडल्या, पण कोणासमोर मोठ्याने वाचलं म्हणून नाही.

"साहेबाले म्हटलं, तुमच्या भाषेत तो शबद न-पासून सुरू होते. नेउमोनिया. तो पी कोणी तरी काढूनच टाकला. मले वाटलं, हे माह्यासाठीच केलं. साहेब हसला. मंग त्यानं टेबलावरचा एक कागद माह्या समोर सरकवला. म्हणे, वाचा. मी वाचला. उभी राहून वाचला, शाळेत वाचतात तसा. वरून खालपरेंत. एका जागी नाई अडकली."

अमोलचा डोसा तसाच राहिला होता. तो त्यांच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "लहानपणी मी म्हणायचो, आई, धडा वाचून दाखव. तू म्हणायची, चष्मा सापडत नाई."

"चष्मा डोक्यावरच राहे," सिस्टर म्हणाल्या.

"मले कधी सांगितलं नाई."

"तू इंग्लिशचा मास्तर झाला. तुले काय सांगू बापा?"

अमोलने मान खाली घातली आणि उरलेला डोसा त्यांच्या ताटात सरकवला. परतीच्या गाडीत त्याने तिथली थंडी, स्वेटर, बीपीच्या गोळ्या किती न्याव्या लागतील, असं एकेक काढायला सुरुवात केली. नाही म्हटलं तर बरं होईल, हे तो पुन्हा बोलला नाही.

पासपोर्ट आला तेव्हा सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, पण व्हिसाचं पान दाखवायला त्या मुद्दाम सकाळच्या गाडीने आल्या. डबाभर तो पासपोर्ट हातोहात फिरला. कोणी तरी पेढे आणायला मूर्तिजापूरला उतरला आणि धावत मागच्या डब्यात चढला. अकोल्याला त्या वॉर्डात गेल्या. लेकरांनी पासपोर्टवरचा त्यांचा फोटो पाहिला आणि एकमुखाने निर्णय दिला की फोटो चांगला नाही आला.

निघायच्या दिवशी बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर वलगाव, मोर्शी आणि आमचा डबा असे सगळे जमले होते. अमोल मुंबईपर्यंत सोबत जाणार होता. बॅगा त्यानेच भरल्या होत्या, त्यात मेतकूटही होतं आणि संत्र्याची बर्फीही. गाडी हलली तसा सिस्टरांनी खिडकीतून हात काढला. रडत कोणीच नव्हतं. सिस्टर तर आम्हाला "मागं सरका, मागं सरका" म्हणून ओरडत होत्या.

दोन दिवसांनी मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते, तेव्हा फोन आला. आवाज इतका स्वच्छ की वाटावं, शेजारच्या खोलीतून बोलतायत.

"लायब्ररी, पोचली मी. इमानतळावर काचेमांगच्या बाईनं पासपोर्ट पाह्यला अन् इचारलं, तुम्ही काय करता?"

"मग? काय सांगितलं?"

"एस्तुदियान्ते," वानखडे सिस्टर म्हणाल्या. "विद्यार्थिनी. तिनं ठप्पा मारला."